हसरहळ्ळाची सतरा शून्यं

तानाबाई झारेकरीण होती. हा शब्द आता कोल्हापुरातही थोड्यांनाच कळतो, म्हणून सांगतो. सोनाराच्या दुकानात कानस चालते, दागिना घासला जातो आणि त्याचा बारीक कीस केराबरोबर बाहेर पडतो, हात धुतलेल्या पाण्याबरोबर गटारात उतरतो. तो केर आणि तो गटारातला गाळ धुऊन जे सोनं काढतात ते झारेकरी. गुजरीतली, म्हणजे सराफ गल्लीतली, दुकानं उघडायच्या आधी तानाबाई आणि तिची धाकटी बहीण विठाबाई खराटा आणि पत्र्याचा डबा घेऊन गटाराशी बसलेल्या असायच्या. देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं पदर नाकाला लावून पलीकडून जायची.

मी त्या काळात शाहूपुरीत एका कंपनीकडं नकाशे काढायचो. घर शिवाजी पेठेत, सायकलवरून कामाला. ऑफिस म्हणजे पंपसेटच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सरकारनं खाणी खाजगी कंपन्यांना खुल्या केल्या त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या कंपनीनं सीमेपलीकडचा, कर्नाटकातला एक डोंगरपट्टा तपासायला घेतला होता. आपल्याकडचा काळा दगड जिथं संपतो आणि त्याच्या खालचा फार जुना खडक उघडा पडतो, तिथं. तांबं आणि सोनं एकाच ठिकाणी मिळण्याची शक्यता होती म्हणे. पट्टा ऐंशी किलोमीटर लांब, पण त्याची सगळी माहिती एका पातळ फायलीत मावायची. इंग्रजांच्या काळातल्या एका अहवालात अर्धा परिच्छेद, कुणी तरी कधी तरी खणलेल्या खड्ड्यांची नोंद आणि एका टोकाला मारलेली चार बोअर. बाकीचा नकाशा पांढरा.

आमचे भूगर्भतज्ज्ञ महांतेश साहेब गडहिंग्लजकडचे. कानडी आणि मराठी सारखीच बोलायचे. मी पहिल्यांदा तो पांढरा कागद बघून म्हणालो, "साहेब, हितं तर कायच न्हाय."

ते म्हणाले, "कुणी गेलंच न्हाय तिकडं, अंबादास. काय हाय, काय न्हाय, हे अजून कुणी बघितलेलंच न्हाय."

बघायची रीत सोपी होती. डोंगरात सोनं असेल तर पावसापाण्यानं त्याचे कण ओढ्यात उतरतात. म्हणून प्रत्येक ओढ्यातली दोन बादल्या वाळू धुवायची, तळाशी सोन्याचे किती कण राहतात ते मोजायचं आणि कण वाढत जातील तसं वर सरकायचं. पण धुणारा हात पक्का पाहिजे. कंपनीनं पाठवलेला माणूस पहिल्याच महिन्यात हिवतापानं आडवा झाला आणि परत गेला.

१९९६च्या दिवाळीनंतर साहेब गुजरीत बायकोचं मंगळसूत्र दुरुस्तीला घेऊन गेले होते. गटाराच्या कडेला बसून तानाबाई पाटी फिरवत होती. सागवानी, उथळ, मधे खोलगट अशी पाटी. साहेब तिच्या डोक्यावर वाकून बघत उभे राहिले.

"पावणं, सरका की. उजेड अडवलाय," ती वर न बघता म्हणाली.

साहेब सरकले, पण गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला आणि विठाबाईला ऑफिसात बोलावलं. खाली दुकानाच्या मागं नळ होता, तिथं बादलीभर वाळू ठेवलेली. त्यात साहेबांनी सोन्याचे अकरा कण मिसळले होते, मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या भागाएवढे. तानाबाईनं अर्ध्या तासात वाळू धुतली आणि पाटी पुढं केली. "बारा."

"अकरा टाकलेत मावशी."

"अकरा सोन्याचं. ह्यो एक पितळंचा. तुमची चाळण पितळंची हाय न्हवं? तार तुटलीया तिची."

साहेबांनी चाळण उजेडाला धरली. एका कोपऱ्यात खरंच तार तुटली होती. त्या दिवसापासून तानाबाई कंपनीची झाली.

तिचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस-पन्नास असेल. नवरा केरबा पाच वर्षांपूर्वी गेलेला. मूलबाळ नाही. कोल्हापूरच्या बाहेर ती जोतिबाला तेवढी गेलेली. दिवाळीनंतर जीप निघायची आणि होळीला परत यायची, असे चार हंगाम तिनं तो पट्टा पालथा घातला. मी एकदा आठवडाभर तळावर होतो. थंडीत गुडघाभर पाण्यात ती उकिडवी बसायची, पाटी पाण्याला टेकवून मनगटानं फिरवायची. हलकी वाळू निघून जायची, मग काळी वाळू उरायची, लोखंडासारखी जड. तिच्या मागं, अगदी शेवटी, पिवळी रेघ. ती बोटानं कण मोजायची आणि साहेब लिहून घ्यायचे.

नुसतं मोजून ती थांबत नव्हती. कण गोल झाला असेल तर म्हणायची, "ह्यो लांबनं आलाय." कडा टोकदार असतील तर, "ह्येचं घर जवळच हाय, वर बगा." साहेबांनी तसं वर बघितलं तर दोन ठिकाणी खडकात बारीक शिरा सापडल्या. माझ्या नकाशावर लाल ठिपके पडायला लागले. तानाबाईला अक्षरओळख नव्हती, पण नकाशा तिला कळायला लागला. ऑफिसात आली की निळ्या रेघेवर बोट फिरवत म्हणायची, "हितं म्या जेवले. हितं पाय घसारला."

मुंबईहून मोठे साहेब आले की महांतेश साहेब तिची ओळख करून द्यायचे. "हे आमचं सगळ्यात भरवशाचं यंत्र." तिला तो शब्द फार आवडायचा. विठाबाई सांगायची, गल्लीत कुणी गटारवाली म्हणालं तर ही मान ताठ करून म्हणायची, "कंपनीत जाऊन इचार, म्या कोण हाय त्ये."

पण कंपनीचं काम चार महिन्यांचं. उरलेले आठ महिने गुजरी होतीच, आणि गुजरीच्या कामात पारा होता. धुतलेल्या गाळात पारा घालून मळायचा, तो सोनं गोळा करतो. मग फडक्यातून पिळायचा आणि जो गोळा राहील तो शेगडीवर ठेवून पारा उडवायचा. हे काम केरबा करायचा, घरात, दार लावून, कारण धुरावरनं शेजारी भांडायचे. शेवटची तीन वर्षं त्याचे हात कापायचे. हिरड्या सुजल्या, दात हलले, स्वभाव असा झाला की भाकरी गार आहे म्हणून तवा फेकायचा. लोक म्हणाले दारूनं झालं. तो आयुष्यात दारू प्यायला नव्हता. तो गेल्यावर शेगडीशी तानाबाई बसायला लागली.

२०००च्या गणपतीत सुई ओवताना तिला पहिल्यांदा कळलं. धागा नेढ्याच्या आजूबाजूला फिरत राहिला. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव यायची. तिनं विठाबाईला सांगितलं, "डोळं अधू झाल्यात." पण रात्रंदिवस केरबाचे हात बघितलेली बाई ती. ह्या कापण्याचा शेवट तिला ठाऊक होता.

त्या वर्षी ती हंगामाला जायच्या आधी ऑफिसात आली होती. मी चहा दिला तर बशीत अर्धा सांडला. मी म्हणालो, "थंडी वाजतीया व्हय मावशी?" ती हसली. महांतेश साहेब समोरच बसले होते. त्यांनी तिच्या हातांकडं बघितलं आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं. कंपनीनं त्यांना कळवलं होतं की पट्ट्यातलं निम्मं क्षेत्र लवकरच सोडायचं आहे. कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे ह्याच हंगामात ठरवून द्या. वाळूचे जादा नमुने प्रयोगशाळेत पाठवायला मंजुरी नाही, असंही त्याच पत्रात होतं.

दक्षिण टोकाचं एक खोरं तेवढं बाकी होतं. तिथले लोक त्याला हसरहळ्ळ म्हणायचे. कानडीत हसर म्हणजे हिरवं, हळ्ळ म्हणजे ओढा. नाव खोटं नव्हतं. काठच्या खडकावर हिरवा डाग पडलेला. तांब्याची खूण ती. सोबत सोनं असेल तर सगळ्या पट्ट्यातली ती सगळ्यात चांगली जागा ठरली असती.

सतरा ठिकाणी वाळू उचलली. तानाबाईनं सकाळी काम करायचं नाकारलं. "पाणी लई गार हाय, ऊन येऊ दे." ऊन आलं तरी ती हात काखेत धरून बसायची. मग सगळ्यांकडं पाठ करून धुवायची. पहिल्या ठिकाणी काळी वाळू उरेपर्यंत नीट झालं. मग मनगट हलकं फिरवायच्या वेळी हाताला झटका बसला आणि काळी वाळू पाटीच्या कडेवरून पाण्यात गेली. तिच्या मागोमाग एक पिवळा कण कडेशी आला, क्षणभर थांबला आणि गेला.

साहेबांनी काठावरून विचारलं, "किती, मावशी?"

ती म्हणाली, "न्हाय कायबी."

पाच दिवसांत सतरा वेळा तिनं हेच सांगितलं. साहेबांनी सतरा शून्यं लिहिली.

एप्रिलमध्ये अहवाल झाला. नकाशा मीच रंगवला. जिथं आशा आहे तो भाग लाल, जिथं थोडी आहे तो केशरी, जिथं नाही तो पिवळा. हसरहळ्ळावर मी पिवळा रंग भरला. तांब्याचा डाग वरवरचा आहे, सोबत सोनं नाही, असं साहेबांनी त्यावर वाक्य लिहिलं. पावसाळा संपताना कंपनीनं ते खोरं सोडून दिलं.

त्या दिवाळीनंतर साहेबांनी नव्या हंगामासाठी निरोप पाठवला. निरोप्या रिकामाच आला. चौथ्या दिवशी दुपारी तानाबाई स्वतः आली. विठाबाईनं तिला जिन्यावरून दंडाला धरून वर आणलं. खुर्ची दिली तरी ती खालीच बसली आणि दोन्ही हात पदराबाहेर काढून जमिनीवर ठेवले. जमिनीवर ठेवलेलेही ते कापत होते.

"सायेब, त्यो हिरवा वढा," ती म्हणाली. "त्येच्यात म्या खोटं सांगिटलं."

मी पेन खाली ठेवला.

"हात ऱ्हाईना. काळी वाळू समदी सांडायची. सोनं बी तिच्यासंगं गेलं. म्या न्हाय म्हनून सांगिटलं."

"सतराही ठिकाणी?"

"सतराबी."

"तुम्हाला कण दिसलेले?"

"दिसलं त्ये तीन. ज्ये दिसलं न्हाईत त्ये कुठनं मोजू?"

साहेब उठून खिडकीशी गेले. खाली पंपसेटचा टेम्पो मागं घेत होते, त्याचा आवाज चालला होता. ते पाठमोरेच म्हणाले, "त्याच वेळी का न्हाय सांगितलं? मी काय तुम्हाला हाकलून दिलं असतं?"

"हाकलला नसता. पर मग म्या कोन ऱ्हायले असते?" ती म्हणाली. "गटारावर बसनारी. दुसरं कोन."

विठाबाई रडायला लागली. तानाबाई रडली नाही. ती साहेबांच्या पाठीकडं बघत राहिली, जणू शिक्षा ऐकायला आली होती.

साहेब वळले. "तुमचे हात मला दिसलेले, मावशी. ह्याच खोलीत, चहाच्या वेळी. मला हंगाम पुरा करायचा होता. मी विचारलं न्हाय."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्या दिवशी तिथंच होतो. मी तर चेष्टा केली होती.

पुढच्याच आठवड्यात साहेब तिला मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. लघवी तपासली, पारा निघाला, पुष्कळ. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण पारा जाळतं? तानाबाईनं स्वतःकडं बोट केलं. डॉक्टर म्हणाले, आजपासून बंद. गोळ्या दिल्या. पण गेलेलं परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. परत येताना जीपमध्ये तिनं एकच विचारलं, "केरबाला बी ह्योच रोग व्हता का?" साहेब म्हणाले, असणार. ती म्हणाली, "लोकांचं ऐकून म्या त्येला दारू सोड म्हनून शपथा घातल्या."

साहेबांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की क्षेत्र सोडलेलं आहे, विषय संपला आहे. मग त्यांनी अहवालाला एका पानाची पुरवणी जोडली आणि ती सरकारी खात्यात पाठवली. ती मीच टाईप केली, त्यामुळं शब्द आठवतात. हसरहळ्ळ खोऱ्यातल्या सतरा नमुन्यांची मोजणी भरवशाची नाही. नमुने धुणाऱ्या व्यक्तीला पाऱ्याची बाधा होती. दुबार तपासणी न केल्याची जबाबदारी माझी आहे. ह्या खोऱ्याची शक्यता अनिश्चित समजावी. खाली सही. तानाबाईचं नाव त्यांनी घातलं नाही.

मी म्हणालो, "साहेब, ह्याचा तुम्हाला तरास होईल."

"व्हऊ दे की," ते म्हणाले.

झाला. २००२मध्ये राखलेल्या भागातली तीन बोअर कोरडी निघाली आणि शाहूपुरीचं ऑफिस बंद पडलं. टेबलं, कपाटं, माझा नकाशाचा फळा, सगळं एका भंगारवाल्यानं नेलं. साहेब दुसऱ्या दोन कंपन्यांत मुलाखतीला गेले. दोन्हीकडं त्या पुरवणीचा विषय निघाला. स्वतःच्या अहवालावर भरवसा ठेवू नका असं लिहून देणारा माणूस कोण ठेवून घेणार? शेवटी पेठ वडगावला एका कॉलेजात ते भूगोल शिकवायला लागले. मी उद्यमनगरात एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायला गेलो.

तानाबाईनं शेगडी फोडून टाकली. गुजरीत विठाबाई एकटी जायची. पण गटारांवर काँक्रीटच्या फरश्या बसत चालल्या होत्या आणि मोठ्या दुकानदारांनी केर विकायचा धंदा परस्पर सुरू केला होता. मी अधूनमधून जायचो. आधी ती स्वतः भाकरी मोडायची, पुढं विठाबाई तिला भरवायची. चिडायची फार. एकदा मला म्हणाली, "अंबादास, तुझा नकाशा आन. त्यो पिवळा रंग पूस." मी सांगितलं, तो नकाशा कंपनीनं नेला. ती तोंड फिरवून बसली. पुढच्या खेपेला मी आलो तर तिनं ओळख दिली नाही. खरंच विसरली होती की राग होता, हे विठाबाईलाही सांगता येईना.

२००७च्या उन्हाळ्यात साहेबांचा फोन आला. तांब्याचे भाव चढले होते आणि नव्या कंपन्या जुने अहवाल धुंडाळत होत्या. एका कंपनीतल्या शिवलीला नावाच्या तरुण बाईंच्या हाती ती पुरवणी लागली होती. त्या बेळगावकडच्या. पत्ता काढत पेठ वडगावला पोचल्या आणि साहेबांना म्हणाल्या, नमुने धुणाऱ्या त्या व्यक्तीला भेटायचं आहे. आम्ही तिघं गेलो.

तानाबाई भिंतीला टेकून बसली होती. गालफडं बसलेली, मान डुगडुगत होती. शिवलीलाबाईंनी तिच्यासमोर मांडी घातली आणि सरळ सांगितलं. "आम्ही हसरहळ्ळात परत वाळू धुतली, मावशी. प्रयोगशाळेतही पाठवली. अकरा ठिकाणी सोनं आलं. थोडं थोडं, पण आलं. तांबंही चांगलं आहे. आता बोअर मारणार."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

तानाबाई बराच वेळ ओठ हलवत होती. मग म्हणाली, "तितं बाया धुणं धुत्यात. त्या वढ्यात. मशीन आनलं की त्या कुठं जानार?"

शिवलीलाबाईंनी सांगितलं की आधी बोअर होतील, मग हिशेब, मग परवाने, खाण झाली तरी दहा वर्षांनी. झाली तर. तानाबाईनं ऐकलं का ते कळलं नाही.

"म्या गप ऱ्हायले असते तर बरं झालं असतं का?" तिनं विचारलं.

शिवलीलाबाईंनी साहेबांकडं बघितलं, साहेबांनी माझ्याकडं. विठाबाईनं चहा टाकला. निघताना शिवलीलाबाई वाकून पाया पडायला गेल्या तर तानाबाईनं पाय आखडून घेतले.

पुढच्या वर्षी भाद्रपदात ती गेली. शेवटचे दोन महिने तिला गिळता येत नव्हतं. आम्ही पाच-सात माणसं होतो पंचगंगेच्या घाटावर. साहेब वडगावहून एसटीनं आले. लाकडं ओली होती, रॉकेल पुन्हा आणावं लागलं.

हसरहळ्ळात तोवर दोन बोअर झाली होती. दिवाळीच्या सुमाराला जगभरचे भाव कोसळले आणि कंपनीनं मशीन काढून नेलं. शिवलीलाबाई राजस्थानात गेल्या. जाण्याआधी त्यांनी साहेबांना फोनवर सांगितलं, दोन भोकांवरून काहीच ठरवता येत नाही. पहिल्यात तांब्याची चांगली शीर लागली होती, दुसरं रिकामं गेलं. दोन्ही भोकांवर सिमेंटचं झाकण घातलं आहे. आजूबाजूच्या बाया त्यावर कपडे आपटतात म्हणे.

हे मी विठाबाईला सांगायला गेलो, तर तिनं दारातूनच हात जोडले. "अंबादासभाऊ, आता त्या वढ्याचं नाव नगं," ती म्हणाली. ती तेव्हा दोन घरची धुणीभांडी करायची आणि कामावर जायला तिला उशीर होत होता.